शाकारायचं, पण गळेल असं: घरच्या घरी सुक्कोथची तयारी

सुक्कोथ या ज्यू सणासाठी सुक्का, म्हणजे आठवडाभर जेवायला बसायचा मांडव, बांधायला घेतला की कोकणी हाताची सवय आड येते. आपण पिढ्यान्‌पिढ्या घर शाकारत आलो ते पावसाचा थेंब आत येऊ नये म्हणून. सुक्क्याचं छप्पर नेमकं याच्या उलट हवं. दिवसा उन्हापेक्षा सावली जास्त, रात्री फटीतून चांदण्या दिसाव्यात, आणि जोराचा पाऊस आला तर तो आत यावा. चांगल्या मांडववाल्याला हे समजावून सांगताना नाकी नऊ येतात. तो आपल्या परीने झापांचे चार थर एकावर एक चढवतो आणि वर कौतुकाने म्हणतो, "आता बघा, टिपूस नाही येणार."

सुक्कोथची बाकीची तयारी, म्हणजे एथ्रोग-लुलाव (सणात हातात धरायचं फळ आणि खजुराची पात), किद्दुशचं (जेवणाआधीच्या आशीर्वादाचं) सरबत, खीर, सजावट, हे सगळं छपरानंतर. बरेच जण आधी एथ्रोग मागवतात, मग मेनू ठरवतात आणि जागेचा विचार आदल्या दिवशी करतात. माझं सांगणं असं, की आधी आकाश शोधा.

तारीख आधी नीट बघा

सुक्कोथ तिश्री महिन्याच्या 15 तारखेला, म्हणजे पौर्णिमेला लागतो. हिब्रू पंचांगही आपल्या पंचांगासारखं चंद्रावर चालतं आणि अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घालतं, त्यामुळे सण बहुधा कोजागिरीच्या आसपास येतो. 2024 आणि 2025 मध्ये सुक्कोथची पहिली रात्र आणि कोजागिरी एकाच दिवशी होती. ज्या वर्षी आपल्याकडे अधिक मास आधीच येऊन गेलेला असतो, त्या वर्षी मात्र तो भाद्रपदाच्या पौर्णिमेला येतो.

2026 मध्ये तसंच आहे. योम किप्पुर, म्हणजे सणाआधीचा मोठा उपास, सोमवारी 21 सप्टेंबरला संपतो आणि सुक्कोथ शुक्रवारी 25 सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल इथे राहणाऱ्यांनी याचा अर्थ ओळखावा: मांडववाले आठवडाभर हाताला लागणार नाहीत, शुक्रवारी दुपारनंतर टेम्पो मिळणार नाही, रस्ते बंद असतील. म्हणून बांबू आणि तट्ट्या गणपती बसायच्या आधीच सांगून ठेवा. झावळ्या मात्र ताज्याच हव्यात, त्या बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी उतरवा.

योम किप्पुरचा उपास सुटला की त्याच रात्री सुक्क्याचं काम सुरू करायची प्रथा आहे. पूर्ण बांधणी नाही जमली तरी एखादा बांबू उभा करतात, एखादी दोरी बांधतात. त्यानंतर 2026 मध्ये हातात मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि अर्धा शुक्रवार एवढंच राहतं. पुरेसं आहे, पण आळस करायला जागा नाही.

जागा: डोक्यावर काय आहे?

सुक्क्याच्या छपरावर मोकळं आकाशच हवं. वरच्या मजल्याची गॅलरी, स्लॅब, छज्जा, झाडाची फांदी, काहीही आडवं आलं की त्याखालचा भाग सुक्का म्हणून चालत नाही. यामुळे शहरातल्या बहुतेक फ्लॅटच्या बाल्कन्या पहिल्याच फटक्यात बाद होतात. इस्रायलमध्ये काही वस्त्यांतल्या इमारतींच्या बाल्कन्या मुद्दाम एकाखाली एक न काढता आलटूनपालटून काढतात, ते याचसाठी. आपल्याकडच्या बिल्डरला हे सुचायचं काही कारण नाही.

मग राहते गच्ची. पण मुंबई-ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांनी गळतीला कंटाळून गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली असते. त्या शेडखाली कितीही देखणा सुक्का बांधला तरी उपयोग नाही. शेड पूर्ण गच्ची झाकत नसेल तर पाण्याच्या टाकीजवळ किंवा जिन्याच्या टोपीमागे थोडा तुकडा मोकळा सापडतो. दुपारी बाराच्या सुमाराला वर जाऊन उभे राहा आणि सरळ वर बघा. डोक्यावर फक्त आकाश असेल तेवढी जागा खडूने आखून घ्या.

सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज ऑगस्टमध्येच द्या. अर्जात तारखा, आकार, गच्चीला खिळा किंवा ड्रिल लावणार नाही हे वाक्य, आणि सण संपल्यावर किती दिवसांत जागा साफ करून देणार ते लिहा. वॉटरप्रूफिंगची भीती हीच बहुतेक नकारांच्या मुळाशी असते, ती पहिल्या दोन ओळींत घालवली की काम सोपं होतं.

अलिबाग, रेवदंडा, पेण भागात अंगण असलं तरी तिथे दुसरी अडचण: माड. वाडीत मोकळी जागा दिसते, पण वर बघितलं की दोन माडांच्या झावळ्या एकमेकींना भिडलेल्या असतात. झाडाला लागलेली झावळी छप्पर म्हणून चालत नाही, तोडलेलीच लागते. शिवाय माडाखाली आठवडाभर जेवायला बसणं हे धर्मशास्त्र बाजूला ठेवलं तरी शहाणपणाचं नाही.

गच्ची नाही, अंगण नाही, अशा घरांनी वाईट वाटून घेऊ नये. सिनेगॉगच्या आवारात सुक्का बांधतात, तिथे किद्दुश करून चार घास खाता येतात. घरी मग चार वाणं, स्वयंपाक आणि मुलांची तयारी एवढंच करावं. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंच्या, सिनेगॉगचं तर नावच सुक्कथ शेलोमो, म्हणजे शेलोमोचा सुक्का, आहे.

मापं आणि भिंती

शास्त्रात मापं हाताच्या पंजाच्या रुंदीत दिलेली आहेत. प्रचलित मोजणीत एक पंजा साधारण 8 सेंमी धरतात. त्या हिशेबाने सुक्क्याची आतली उंची किमान 80 सेंमी लागते, लांबी-रुंदी किमान 56 सेंमी. उंचीची वरची मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास आहे, तिच्याशी आपला संबंध येत नाही. पाच-सहा जणांच्या घराला 8 बाय 10 फूट आणि 7 फूट उंची हा आकार बरा पडतो: एक टेबल, खुर्च्या, आणि वाढणाऱ्याला मागून फिरायला वाट.

भिंती कशाच्याही चालतात. प्लायवूड, बांबूची तट्टी, दार, घराची आधीचीच भिंत. कमीत कमी अडीच भिंती लागतात, चार असल्या तर उत्तम. अट एकच, की नेहमीच्या वाऱ्याने भिंत हलता कामा नये. इथे मांडवाची कनात किंवा जुन्या साड्या गोत्यात आणतात. कापड दिसतं छान, पण गच्चीवरच्या वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं. कापडच लावायचं असेल तर आतल्या बाजूने चारही बाजूंना आडव्या सुतळ्या ताणून बांधा: पहिली जमिनीपासून 20 सेंमीवर, मग दर 20 सेंमीला एक, निदान एक मीटर उंचीपर्यंत. तीन पंज्यांपेक्षा, म्हणजे 24 सेंमीपेक्षा लहान फट शास्त्राच्या दृष्टीने बंदच धरली जाते. म्हणून मग दोऱ्याच भिंत होतात आणि कापड राहतं नुसतं आडोशाला.

माझी पसंती तट्ट्यांना. बांबूच्या तट्ट्या हलक्या असतात, हवा खेळती राहते, वारा अडकून सगळा डोलारा उलथत नाही, आणि गुंडाळून माळ्यावर टाकल्या की पुढची काही वर्षं निघतात. बांधताना तट्टीचा खालचा काठ जमिनीपासून एका वितीपेक्षा वर राहू देऊ नका. वीत म्हणजे नऊ इंच, तेव्हा 24 सेंमीच्या आत आपोआप बसतं.

सांगाडा उभा करताना

गच्चीवर खड्डा खणता येत नाही आणि खिळा मारायचा नाही, मग बांबू उभा कसा राहणार? तेलाचे 15 किलोचे रिकामे पत्र्याचे डबे घ्या. डब्याच्या मधोमध बांबू उभा धरून भोवती खडी आणि ओली वाळू ठासून भरा. चार कोपऱ्यांना चार, आणि दहा फुटांच्या दोन्ही बाजूंच्या मध्यावर एकेक, असे सहा डबे. खाली जुनं पोतं घाला म्हणजे गच्चीवर गंजाचे डाग पडत नाहीत.

उभे बांबू झाले की वरच्या चौकटीचे चार आडवे बांबू काथ्याने आवळा. काथ्या आधी पाण्यात भिजवून घ्यावा, वाळताना तो आणखी आवळला जातो. दोन कोपऱ्यांत तिरके बांबू टाका. हे तिरके बांबू कुणी टाकत नाही आणि मग पहिल्या वाऱ्याला चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. शेवटी चारही कोपऱ्यांपासून दोऱ्या काढून गच्चीच्या कठड्याला ताण द्या. सुक्का जोराने हलवून बघा. तो हलण्याऐवजी तुमचे खांदे दुखले तर जमलं.

लोखंडी पाइपाचा सांगाडाही चालतो, भिंतींना काहीच हरकत नाही. फक्त छपराच्या झावळ्या थेट लोखंडावर टेकवू नका. पाइपांवर आधी बांबू आडवे घाला आणि झावळ्या त्यांच्यावर येऊ द्या.

छप्पर: सखाख

आता मुख्य काम. सखाख म्हणजे छपराचं साहित्य, आणि त्याच्या अटी तीन. ते जमिनीतून उगवलेलं हवं, जमिनीपासून तोडलेलं हवं, आणि ते भांडं, वस्त्र, खाद्य अशी वापराची वस्तू नको. बांबू, झावळ्या, पोफळीच्या पाती, पानांसकट फांद्या चालतात. ताडपत्री, कापड, पत्रा, प्लास्टिकच्या खोट्या वेली चालत नाहीत. निजायला किंवा बसायला विणलेली चटईही चालत नाही. छपरासाठीच म्हणून केलेली बांबूची जाळी चालते.

चौकटीवर दर एक फुटावर बांबूच्या कामट्या आडव्या टाका, त्यावर झावळ्या. माडाची पूर्ण झावळी चार-पाच मीटर भरते, म्हणून मधल्या दांड्यावरून उभी चिरून तिची दोन चुडतं करा. चुडत टाकताना एकीचा दांडा डावीकडे, दुसरीचा उजवीकडे. पानं एकमेकांत गुंतून सावली सारखी पडते. 8 बाय 10 फुटांना डझनभर झावळ्या पुरतात. न विणलेल्या झावळ्याच घ्या. विणलेले झाप एकावर एक चढवले की छप्पर घरासारखं घट्ट होतं, आणि पाऊस अजिबात न गळणारं छप्पर सुक्क्याला नको.

सावली मोजायची ती दुपारी, सूर्य डोक्यावर असताना. आत जमिनीकडे बघा. उन्हाचे कवडसे सावलीपेक्षा कमी असले पाहिजेत. लगेच दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. तीन पंज्यांएवढी, म्हणजे 24 सेंमीची सलग मोकळी फट राहिली तर तिच्याखाली बसता येत नाही, म्हणून वितीएवढी फट दिसली की तिथे एक चुडत सरकवा. दोन-चार दिवसांत पानं वाळून आक्रसतात, तेव्हा सुरुवातीला थोडं सढळ घालावं आणि दोन-तीन झावळ्या राखीव ठेवाव्यात. आंब्याचे डहाळे दिसायला सुरेख, पण त्यांची पानं लवकर गळतात. ते तोरणाला वापरा, छपराला नको.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी भिंती, मग सखाख. आणि सखाख घालताना वर मोकळं आकाश हवं, ताडपत्री पसरलेली असू नये. वाऱ्याने झावळ्या उडू नयेत म्हणून वरून दोन-तीन लांब बांबू आडवे टाकून दाब द्या.

पाऊस

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मान्सून सरासरी 8 ऑक्टोबरला माघारी फिरतो. सप्टेंबरअखेरचा सुक्कोथ म्हणजे पाऊस धरूनच चला, त्यातही संध्याकाळी गडगडाट करून येणारा. म्हणून ताडपत्री हवीच, पण ती छपराचा भाग म्हणून नाही. सुक्का रिकामा असताना ती वर असावी, जेवायला बसायच्या आधी काढावी. ताडपत्री झावळ्यांवर पसरलेली असताना त्याखाली जेवलात तर ते सुक्क्यात जेवणं नाही.

ताडपत्रीची एक कड उंच बाजूच्या चौकटीला कायमची बांधा, दुसऱ्या कडेला बांबू गुंडाळा आणि त्याला दोन्ही टोकांना दोऱ्या लावा. खालून दोरी ओढली की ती उघडते, सोडली की मिटते. 2026 ची पहिली रात्र शब्बाथची, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी काळोख पडेपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाची आहे. शब्बाथ आणि सणाच्या दिवशी अशी ताडपत्री उघडणं-मिटणं यावर नियम आहेत, तेव्हा तुमची रचना हजान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे) किंवा रब्बींना आधी दाखवून घ्या. फोनवर फोटो पाठवला तरी ते सांगतात.

जेवताना पाऊस आला तर किती वेळ बसायचं? मिश्ना या जुन्या धर्मग्रंथाने दिलेली खूण अगदी स्वयंपाकघरातली आहे: ताटातलं कालवण नासेल इतकं पाणी पडू लागलं की उठावं. त्यानंतर ओलं होत बसून राहण्यात पुण्य नाही. पहिल्या रात्री मात्र जरा थांबून बघावं, उघडीप मिळते का.

चार वाणं

बेराखा, म्हणजे आशीर्वाद, म्हणताना हातात धरायची ही चार: एथ्रोग, लुलाव, हदास आणि अरावा. यातला एथ्रोग म्हणजे महाळुंगाच्या जातीचं फळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे महाळुंग आहे त्याच कुळातलं, आणि हे कूळ मुळात हिमालयाच्या पायथ्याकडचं. एवढं असूनही नर्सरीतलं महाळुंग उचलून आणू नका. एथ्रोगाचं झाड कलमी नसावं अशी अट आहे, आणि आपल्याकडे लिंबूवर्गीय झाडं सर्रास कलमाची असतात. सिनेगॉगमार्फत पूर्ण संच मागवणं हाच सरळ मार्ग. नोंदणी रोश हाशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, आधी करा.

संच हातात आल्यावर दिवसाउजेडी तपासा. एथ्रोग अंड्यापेक्षा मोठा असावा, त्याला कुठे भोक किंवा खोक नसावी. देठाच्या विरुद्ध बाजूला फळ निमुळतं होत जातं, त्या उतारावरचा बारीक काळा डागही धरला जातो, खालच्या भागात थोडी सवलत आहे. टोकाला बोंडासारखा पिताम असेल तर त्याला जपा, तो तुटला तर फळ बाद. मुळातच पिताम नसलेलं फळ चालतं. मुलांना हाताळायला ते द्या आणि निर्धास्त राहा.

लुलाव म्हणजे खजुराची न उमललेली सरळ पात. तिचा कणा निदान 32 सेंमी लांब हवा आणि अगदी मधलं जोडपान चिरलेलं नको. कोकणातली शिंदी खजुराची चुलत बहीण आहे, पण जात वेगळी, त्यामुळे ती परस्पर तोडून आणू नये. हदासच्या, म्हणजे मर्टल या सुगंधी झुडपाच्या, डहाळीवर एकाच पेरातून तीन-तीन पानं निघालेली दिसली पाहिजेत, लांबी 24 सेंमी. कुंपणाची मेंदी म्हणजे हदास नव्हे, मलिद्याच्या (आपल्या नवस-आभाराच्या विधीच्या) ताटातला सब्जाही नव्हे. अरावा म्हणजे ओढ्याकाठची विलो: लांबट पान, गुळगुळीत कड, तांबूस काडी. सह्याद्रीतल्या नद्यांच्या काठी वाळुंज उगवते ती याच वंशातली. संचातल्या काड्या काळ्या पडल्या आणि वाळुंज हाताशी असली तर तिची डहाळी घेऊन जाणकाराला विचारा.

बांधणी अशी: लुलावचा कणा स्वतःकडे धरा, उजव्या अंगाला तीन हदास, डाव्या अंगाला दोन अरावा. हदास अरावापेक्षा किंचित वर, आणि लुलावचा कणा या सगळ्यांच्या वर निदान पंजाभर निघालेला. लुलावच्याच सुट्या पातीने गाठी मारा. बेराखा म्हणताना जुडी उजव्या हातात, एथ्रोग डाव्या हातात. हलवायच्या दिशांचा क्रम मंडळीमंडळींत वेगळा असतो, आपल्या सिनेगॉगमध्ये चालतो तोच धरा. शब्बाथला लुलाव घेत नाहीत, म्हणून 2026 मध्ये पहिली बेराखा रविवारी 27 सप्टेंबरला.

साठवण: अरावा ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये, हदास किंचित ओलसर पिशवीत फ्रीजमध्ये, एथ्रोग मात्र बाहेर, त्याच्या खोक्यातच. आपल्याकडच्या दमटपणात अरावा सगळ्यात आधी दगा देते. होशाना रब्बासाठी, म्हणजे सणाच्या सातव्या दिवसासाठी, शुक्रवार 2 ऑक्टोबरला, पाच काड्यांची वेगळी जुडी लागते. ती आधीच सांगून ठेवा.

स्वयंपाकघर

पहिल्या रात्री सुक्क्यात भाकर खाणं बंधनकारक आहे, आणि इथे मराठी घरात एक खाचखळगा आहे. तांदळाची, ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी इथे भाकर म्हणून धरली जात नाही. गहू, जव, राय, ओट किंवा स्पेल्ट यांचीच लागते. गव्हाची चपाती चालते, तेव्हा काळोख पडल्यावर निदान एक पूर्ण चपाती सुक्क्यात खाल्ली की शंका राहत नाही. तांदळाची भाकरी मग कालवणाबरोबर खुशाल खा. किद्दुशनंतर सुक्क्यात बसण्याची बेराखा, "लेशेव बसुक्का", विसरू नये.

किद्दुशचं सरबत घरीच करा. पाव किलो काळ्या मनुका निवडून, धुऊन, पाऊण लिटर पाण्यात गुरुवारी सकाळी भिजत घाला. चोवीस तासांनी हातानेच कुस्करा, मिक्सरमध्ये बिया फुटून कडवट चव उतरते. मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

खीर हवीच. आपल्या समाजात जुन्या काळी तिश्री महिन्यात खिरीचा सण करत, आणि त्याचं नातं सुक्कोथशी जोडणारेही आहेत. एक वाटी तांदूळ अर्धा तास भिजवा. दोन नारळांचा पहिला घट्ट रस वेगळा काढा, चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरा पातळ रस काढा. तांदूळ पातळ रसात मऊ शिजवा, दीड वाटी चिरलेला गूळ घाला, तो विरघळला की आच अगदी मंद करून घट्ट रस ओता. यानंतर उकळी आली तर खीर फुटते. वेलची आणि चिमूटभर जायफळ. मटणाबरोबर दुधाचं चालत नाही, पण गाईचं दूध नसल्यामुळे ही खीर मटणाच्या जेवणानंतरही वाढता येते, म्हणून तर आपल्याकडे अर्धा स्वयंपाक नारळाच्या रसावर चालतो.

2026 चा खरा कस शब्बाथचा आहे. शनिवारचं सगळं जेवण शुक्रवारी सूर्यास्ताआधी तयार हवं, आणि रविवारच्या सणाची कुठलीही तयारी शनिवारी काळोख पडेपर्यंत करता येत नाही. भांडी घासून ठेवणंसुद्धा नाही. सणाच्या दिवशी पेटत्या आगीवरून आग घेऊन स्वयंपाक करता येतो, पण नवी काडी ओढता येत नाही. म्हणून शुक्रवारी दोन दिवस जळेल असा मोठा दिवा लावून सुरक्षित जागी ठेवा, शनिवारी रात्रीच्या मेणबत्त्या आणि शेगडी त्यावरूनच पेटवा. त्या रात्री किद्दुश आणि हव्दाला (शब्बाथ संपल्याचा विधी) एकत्र येतात, क्रम सिद्दूरमध्ये (प्रार्थनेच्या पुस्तकात) खूण घालून ठेवा.

गच्चीवर सुक्का असेल तर ताटं, पेले, पाण्याचे जार, मीठ, सिद्दूर हे सगळं शुक्रवारीच झाकणाच्या डब्यांत वर नेऊन ठेवा. शब्बाथला जिन्यातून सामान नेण्या-आणण्याचा प्रश्न असतो, तुमच्या इमारतीसाठी त्याचं उत्तर आधी विचारून घ्या. पदार्थही तसेच निवडा: पुलाव, कटलेट, वालाचं बिरडं, गार चालतील असे. रस्सा घेऊन चार मजले चढणं ही शिक्षा आहे.

उजेड, डास, सजावट

वाळक्या झावळ्या आणि उघडी मेणबत्ती एकत्र नको. मेणबत्त्या काचेच्या कंदिलात, छपरापासून लांब, नाहीतर घरातच लावा. विजेचे दिवे टायमरवर लावून ठेवा, वायरचे जोड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून जमिनीपासून उंच ठेवा, कारण पाऊस येणार आहे.

सजावटीचं काम मुलांकडे. डाळिंबं, संत्री, कणसं, कच्ची पपई, रंगीत कागदाच्या साखळ्या. वस्तू छपरापासून फार खाली लोंबू देऊ नका, फूटभर पुरे. छपराला टांगलेली फळं सणभर बाजूला काढलेली असतात, तोडून खायची नाहीत. हे मुलांना आधीच सांगा आणि खायची फळं टेबलावर ठेवा. कावळ्यांना सांगून उपयोग नाही, वरच्या फळांना जाळी घाला. परंपरेने सुक्क्यात बोलावतात त्या सात पाहुण्यांची, म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, आहारोन, योसेफ आणि दावीद यांची नावं मुलांकडून मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा, रोज एकाचं नाव घेऊन स्वागत करता येतं.

आवरताना

सुक्कोथला लागूनच येणारे दोन सण, भारतात शेमिनी अत्सेरेत शनिवारी 3 ऑक्टोबरला आणि सिम्हाथ तोरा रविवारी 4 तारखेला. लोद, रामला, दिमोना, अश्दोदमधल्या आपल्या नातलगांकडे दोन्ही एकाच दिवशी, शनिवारी. तोपर्यंत सुक्क्याचा बांबूही दुसऱ्या कामाला काढायचा नाही. सोमवारी सकाळी उलट्या क्रमाने उतरवा: दिवे, सजावट, झावळ्या, तट्ट्या, शेवटी सांगाडा. झावळ्या पायदळी येतील अशा टाकू नका, बांधून खताला द्या. बांबूंना रंगाने आकडे घालून माळ्यावर ठेवा, पुढच्या वर्षी कुठला कोपऱ्याचा हे शोधत बसावं लागत नाही.

एथ्रोगाचं लोणचं किंवा मुरंबा करायचा मोह होतो, पण बाहेरून आलेल्या फळांवर कीटकनाशकांचे भरपूर फवारे असतात. त्यापेक्षा त्याला सगळीकडून लवंगा टोचा, वाळल्यावर तो हव्दालाच्या सुगंधाला वर्षभर पुरतो. लुलाव कपाटावर उभा वाळत ठेवा. पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) आदल्या सकाळी खमीर जाळताना तोच सरपणाला घेतात.